विश्लेषण : जलपर्णी नदीचे पाणी कसे अडवते? खाम नदी, जुने पूल आणि पावसाळ्याआधीचे गणित

मे महिना सरत आला की छत्रपती संभाजीनगरात नालेसफाईचे फोटो दिसू लागतात. पोकलेनचा लांब हात, त्यातून निथळणारी हिरवी जुडी आणि काठावर काळ्या गाळाचा ढीग. फोटोत जे हिरवे दिसते ते गवत, पाणकणीस, बेशरम किंवा खरोखरची जलपर्णी यांपैकी काहीही असू शकते. बोलताना मात्र सगळ्यालाच जलपर्णी म्हटले जाते. ती काढली की पाणी मोकळे होईल आणि पूर टळेल, असा सर्वसाधारण समज आहे.

हा समज अर्धा बरोबर आहे. उरलेला अर्धा तीन गोष्टींवर अवलंबून असतो : वनस्पती कोणती, ती पात्रात कुठे आहे आणि वरून पाणी किती आले आहे. खामच्या काठावरच्या वस्त्यांसाठी हा पुस्तकी प्रश्न नाही. पाण्याची पातळी अर्धा-पाऊण मीटर वर की खाली, यावर पाणी रस्त्यावर थांबणार की घरात शिरणार हे ठरते.

खामच्या पात्रात एवढी हिरवळ का?

खाम ही मुळात पावसाळी नदी. शहराच्या उत्तरेकडील डोंगरांकडून ती येते, हर्सूल तलावातून पुढे बेगमपुरा, पाणचक्की, छावणी असा शहराचा पश्चिम भाग ओलांडते आणि शेवटी पैठणच्या नाथसागराच्या फुगवट्यात गोदावरीला मिळते. अशा नदीचे पात्र उन्हाळ्यात कोरडे पडायला हवे. शहरातल्या भागात ते कोरडे पडत नाही, कारण पावसाळा संपल्यावर पात्रात जे वाहते त्यात सांडपाण्याचा वाटा मोठा असतो.

सांडपाणी म्हणजे वनस्पतींसाठी तयार खत. त्यात नायट्रोजन असते, फॉस्फरस असते. पाणी उथळ आणि संथ असते, ऊन भरपूर मिळते. शेतकरी ज्यासाठी पैसे मोजतो ते सगळे येथे फुकटात आणि बारा महिने मिळते. शहरातल्या सलीम अली सरोवराला जलपर्णीचा विळखा पडण्यामागचे कारणही वेगळे नाही.

जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतील ॲमेझॉन खोऱ्यातली. जांभळ्या फुलांच्या हौसेपोटी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली. पुढे तिने तिथले जलमार्ग आणि भातशेती इतकी अडवली की १९३६ मध्ये तिच्या बंदोबस्तासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. पोषक पाण्यात ती साधारण एक ते दोन आठवड्यांत दुप्पट होते. महाराष्ट्रात तिला जागोजागी वेगळे नाव आहे. नाशिकला पाणवेली, कोल्हापूरला केंदाळ, पुणे आणि मराठवाड्यात जलपर्णी.

वनस्पती पाण्याला नेमके काय करतात?

उतारावरून पाणी खाली ओढले जाते आणि पात्राचा तळ व काठ त्याला घासून मागे धरतात. या ओढाताणीतून पाण्याचा वेग ठरतो. पात्र जितके खडबडीत, तितके पाणी हळू. आयर्लंडमधील अभियंता रॉबर्ट मॅनिंग यांनी १८८९ मध्ये मांडलेले सूत्र आजही जगभर कालवे आणि नद्यांच्या हिशेबासाठी वापरले जाते. त्या सूत्रात पात्राच्या खडबडीतपणासाठी एक अंक असतो. स्थापत्य अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्याला ‘मॅनिंगचा एन’ म्हणून ओळखतात.

स्वच्छ, सरळ मातीच्या नदीपात्रासाठी हा अंक साधारण ०.०३० धरतात. संथ आणि वनस्पतींनी भरलेल्या पात्रासाठी तो ०.०७० च्या आसपास जातो. अगदी रान माजलेल्या पात्रासाठी ०.१०० किंवा त्याहून अधिक. आकडे दिसायला किरकोळ आहेत. पण सूत्रात हा अंक भागाकारात येतो, म्हणजे तो दुप्पट झाला की त्याच पातळीला वाहणारे पाणी निम्मे होते.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, १० मीटर रुंदीचा उभ्या भिंतींचा नाला आहे आणि त्याला एक किलोमीटरला एक मीटर उतार आहे. तो स्वच्छ असताना त्यात एक मीटर खोल पाणी वाहते आहे. मॅनिंगच्या सूत्राने वेग येतो सेकंदाला सुमारे ०.९३ मीटर, म्हणजे माणसाच्या रमतगमत चालण्याइतका. प्रवाह होतो सेकंदाला सुमारे ९,३०० लिटर, म्हणजे साधारण ३३० क्युसेक.

आता तोच नाला वनस्पतींनी भरला आणि अंक ०.०७० झाला. तेवढेच ३३० क्युसेक पाणी जायला आता सुमारे १.७५ मीटर खोली लागेल. रान आणखी माजले आणि अंक ०.१०० झाला, तर सुमारे २.२ मीटर. पाऊस तोच, पाणी तेवढेच, पातळी मात्र दुपटीहून जास्त. नाल्याची भिंत दीड मीटर उंच असेल तर स्वच्छ नाल्यात पाणी भिंतीच्या खूप खाली राहते आणि भरलेल्या नाल्यात ते बाहेर पडते.

हे उदाहरण खामच्या एखाद्या ठिकाणचे मोजमाप नाही. खरी नदी वळते, रुंद-अरुंद होते, तिचे काठ तिरके असतात. पण परिणामाचा अंदाज यावा एवढे ते पुरेसे आहे.

मुळे रोवलेली आणि तरंगणारी, दोन्ही सारखीच का?

नाही, आणि नालेसफाईच्या चर्चेत नेमका हाच मुद्दा सुटतो.

पाणकणीस किंवा बेशरम तळात वा काठावर मुळे रोवून उभी राहतात. बेशरम मराठवाड्यात कोणाला सांगायला नको. तोडून फेकली तरी पडल्या जागी फुटते म्हणून तिचे हे नाव. तिचे खोड जाड आणि ताठ असते. पाणी प्रत्येक खोडाला अडते, मागे भोवरे तयार होतात आणि त्यात प्रवाहाची शक्ती खर्ची पडते. पाणी वाढले तरी खोडे सहज वाकत नाहीत, उलट प्लास्टिक, चिंध्या आणि काटक्या त्यांच्यात अडकून जाळी बनते.

गवत आणि पाण्याखालच्या लवचीक वनस्पतींचे वागणे वेगळे असते. पाणी कमी असताना त्या ताठ उभ्या राहतात आणि मोठा अडथळा करतात. जोराचे पाणी आले की तळाशी आडव्या होतात आणि पाणी त्यांच्यावरून घसरत जाते. अमेरिकेच्या मृदसंधारण विभागाने विसाव्या शतकाच्या मध्यात गवताळ चरांवर प्रयोग करून याचे आलेख तयार केले. त्या आलेखांचा अर्थ असा की गवताच्या चराचा खडबडीतपणा एकच एक नसतो, प्रवाह वाढेल तसा तो कमी होत जातो.

जलपर्णी तिसऱ्या प्रकारची. ती तळाला चिकटलेली नसते, पाण्यावर तरंगते आणि तिची पिसासारखी मुळे खाली लोंबत असतात. सुट्या रोपांनी काही बिघडत नाही. मात्र पूल, बंधारा किंवा वळण यामुळे ती एका जागी दाटली की नदीवर छत पडते. उघड्या नदीत पाणी तळाला आणि दोन्ही काठांना घासते, वरचा पृष्ठभाग मोकळा असतो आणि तिथेच वेग सर्वांत जास्त असतो. छत पडले की पाणी वरूनही घासू लागते. सर्वांत वेगवान पाणी पृष्ठभागावरून खाली मध्यावर सरकते. थंड देशांत नदीवर बर्फ गोठल्यावर हेच होते आणि तिथले अभियंते त्याचा वेगळा हिशेब ठेवतात.

वरच्याच नाल्यावर असे छत टाकून पाहू. तळ स्वच्छ आहे, खडबडीतपणाचा अंक छताला धरून ०.०३० च ठेवला आहे. तरीही एक मीटर खोलीला वाहणारे पाणी सुमारे एक तृतीयांशाने घटते. पूर्वीचे ३३० क्युसेक जायला पातळी सुमारे १.३ मीटरवर जाते. प्रत्यक्षात लोंबणारी मुळे गुळगुळीत नसतात, त्यामुळे परिणाम याहून अधिक असतो.

मग पूर जलपर्णीमुळे येतो, असे म्हणायचे का?

सरसकट नाही. मोठ्या महापुरात वनस्पतींचा वाटा कमी होतो. पात्र काठोकाठ भरून पाणी चार-पाच मीटर खोल वाहू लागले की तळातले गवत आडवे होते आणि तरंगणारी जलपर्णी बहुतांशी वाहून जाते. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर किंवा २०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्याने सोसलेला पूर समजून घ्यायचा तर पाऊस, धरणांचे विसर्ग आणि नद्यांची वहनक्षमता पाहावी लागते. त्याचे खापर जलपर्णीवर फोडणे चुकीचे ठरेल.

वनस्पती खरा फरक पाडतात तो लहान आणि मध्यम पुरात. संध्याकाळी तासभर कोसळणाऱ्या वळवाच्या किंवा परतीच्या पावसात नाला अर्धा-पाऊण भरतो, तेव्हा. शहरी नाल्यांच्या काठावर असे पूर वर्षातून अनेकदा येऊ शकतात, महापूर काही वर्षांतून एकदा. घरातले धान्य, शाळेची दप्तरे, दुकानातला माल भिजतो तो बहुधा या लहान पुरांत, आणि त्यांची नोंदही फारशी राहत नाही.

यात मोजमापाचीही एक गफलत होते. नदीतून किती पाणी जाते हे रोज प्रत्यक्ष मोजणे अवघड असते. त्यामुळे पुलाजवळच्या पट्टीवर पातळी वाचतात आणि आधी बनवलेल्या तक्त्यावरून ती क्युसेकमध्ये बदलतात. तो तक्ता पात्र स्वच्छ असतानाचा असेल आणि आज पात्रात रान माजले असेल, तर पट्टी जास्त पाणी दाखवते आणि प्रत्यक्षात कमी वाहत असते. इंग्लंडच्या दक्षिणेकडील चुनखडीच्या नद्यांत हे दर उन्हाळ्यात घडते. पाणी कमी होत जाते, पण पाणवनस्पती इतक्या वाढतात की पातळी उलट चढते. तिथे ठरलेल्या तारखांना नदीतली वनस्पती कापण्याची जुनी पद्धत आहे.

पुलांपाशी धोका जास्त का?

कारण मोकळ्या पात्रात पसरलेली जलपर्णी पुराच्या पहिल्या लोंढ्याबरोबर सुटते आणि पुढच्या अरुंद जागी जाऊन बसते. ही अरुंद जागा म्हणजे बहुतेक वेळा पूल.

छत्रपती संभाजीनगरात याला वेगळे महत्त्व आहे. मकई दरवाजा, महेमूद दरवाजा आणि बारापुल्ला दरवाजा या तिन्ही ऐतिहासिक दरवाजांना जोडून खामवर जुने कमानीचे पूल आहेत. ते बांधले तेव्हा नदीकाठी आजच्यासारखी वस्ती नव्हती आणि पात्रात प्लास्टिकही येत नव्हते. आजच्या सपाट स्लॅबच्या पुलाखाली दोन खांबांमध्ये मोकळी रुंद जागा मिळते. कमानीच्या पुलात जाड खांब जास्त असतात आणि पाणी जसे वर चढते तशी कमान अरुंद होत जाते. पाण्याला जास्त जागा हवी असते तेव्हाच ती कमी मिळते. खालून गाळ साचलेला असेल आणि वरून जलपर्णीचा गठ्ठा येऊन टेकला, तर मधे उरते ती एक फट.

इथे दुसरे गणित लागू होते. जागा निम्मी झाली की तेवढेच पाणी दुप्पट वेगाने जावे लागते. हा वेग मिळवण्यासाठी पाणी पुलाच्या वरच्या अंगाला साचून उंच होते, आणि ही जादा उंची वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. सेकंदाला एक मीटर वेगासाठी सुमारे ५ सेंटिमीटर उंची पुरते. दोन मीटरसाठी २० सेंटिमीटर लागते, तीन मीटरसाठी ४६ सेंटिमीटर. म्हणजे कमानीची दोन तृतीयांश जागा बुजली, तर केवळ तेवढ्यामुळे पुलाच्या वरच्या बाजूला जवळपास दीड फूट पाणी चढते. भोवरे आणि धडकांमुळे प्रत्यक्षात आणखी.

पुलाखालून असे जोराने निघालेले पाणी पायाजवळची माती उकरते. त्यामुळे गठ्ठा वर दिसतो, इजा मात्र खाली होते. वारसा म्हणून जपायच्या पुलांच्या बाबतीत ही गोष्ट पुराइतकीच काळजीची आहे.

एका हेक्टरवर दाट माजलेल्या जलपर्णीचे ओले वजन २०० टनांहून अधिक भरू शकते. त्यातले सुमारे नऊ दशांश पाणीच असते, पण पुलाला टेकताना ते वजनच असते. पंचगंगेवर कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांना शिरोळ तालुक्यात केंदाळाचे असे थर येऊन अडकतात, तेव्हा ते काढायला यंत्रे उतरवावी लागतात. पैठणच्या खाली गोदावरीवर आपेगाव, हिरडपुरीसारखे बंधारे आहेत. वरून वाहत येणाऱ्या कोणत्याही गोष्टीला असे बंधारे हे थांबे असतात.

गाळाचा याच्याशी काय संबंध?

बराच मोठा. पाणी हळू झाले की त्यातली माती खाली बसते. माती बसली की तळ उथळ होतो. उथळ तळात ऊन पोहोचते, मुळांना धरायला जागा मिळते, वनस्पती आणखी वाढतात आणि पाणी आणखी हळू होते. दोन-तीन पावसाळ्यांत पात्रात छोटे बेट तयार होते. त्यावर बेशरम उगवते, पुढे बाभूळही. मग ते बेट आहे हेच लोक विसरतात.

नाशिक जिल्ह्यातील नांदूर मधमेश्वर हे याचे ठळक उदाहरण. गोदावरीवरच्या बंधाऱ्यामागे दशकानुदशके गाळ साचला, उथळ पाण्यात वनस्पती वाढल्या आणि पक्ष्यांचे नंदनवन तयार झाले. २०२० मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. पक्ष्यांच्या दृष्टीने ही भाग्याची गोष्ट, पाणी साठवण्याच्या दृष्टीने नाही. छत्रपती संभाजीनगरसाठी हे दूरचे उदाहरण नाही. वैजापूर आणि गंगापूर तालुक्यांना पाणी देणारा नांदूर मधमेश्वर जलदगती कालवा याच प्रकल्पाचा भाग आहे.

कालव्यांचे काय?

नदीत वनस्पती वाढल्या तर पुराची चर्चा तरी होते. कालव्यात वाढल्या तर नुकसान शांतपणे होते आणि ते शेवटच्या शेतकऱ्याच्या वाट्याला येते.

जायकवाडीचा डावा कालवा २०८ किलोमीटर लांब, उजवा १३२ किलोमीटर. सिमेंटचे अस्तर असलेल्या कालव्यासाठी खडबडीतपणाचा अंक साधारण ०.०१८ धरून आखणी करतात. अस्तर फुटले, भेगांतून गवत आणि झुडपे आली आणि अंक ०.०३६ झाला, तर कालवा काठोकाठ भरला तरी पाणी निम्मेच जाते. कागदावर आवर्तन पूर्ण होते. वरच्या गावांना पाणी मिळते, कारण त्यांच्याकडे कालवा भरलेला दिसतो. टेलच्या गावात पाणी पोहोचेपर्यंत आवर्तनाचे दिवस संपतात.

छत्रपती संभाजीनगरच्या कांचनवाडीत ‘वाल्मी’ ही जल व भूमी व्यवस्थापन संस्था १९८० पासून आहे. कालव्याची वहनक्षमता, वितरिका, पाणी मोजणे हे तिथले रोजचे विषय आहेत. सिंचन व्यवस्थापनात शेतकऱ्यांचा सहभाग आणणारा कायदाही राज्यात २००५ पासून आहे. चारीतले गवत कोणी काढायचे हा प्रश्न मात्र गावागावात पाणीवापर संस्था, पाटबंधारे खाते आणि शेतकरी यांच्यामध्ये फिरत राहतो. आवर्तनाच्या आठवडाभर आधी चारी साफ झाली की टेलला पाणी लवकर पोहोचते. हे कळायला मॅनिंगचे सूत्र लागत नाही, टेलच्या कोणत्याही शेतकऱ्याला ते पाठ आहे.

जलपर्णीमुळे पाण्याचे बाष्पीभवन कित्येक पटींनी वाढते, असेही वाक्य वारंवार वाचायला मिळते. पाने पाणी हवेत सोडतात हे खरे. पण वेगवेगळ्या अभ्यासांतले प्रमाण एकमेकांशी जुळत नाही, ते हवामान, वारा आणि मोजण्याच्या पद्धतीनुसार खूप बदलते. त्यामुळे ‘तिप्पट’, ‘चौपट’ असे ठोक आकडे सावधपणेच घ्यावेत.

दरवर्षी काढूनही ती परत का येते?

तीन कारणे आहेत. पहिले, ती तुकड्यांतून वाढते. यंत्राने ओढताना तुटलेले धुमारे पाण्यात राहिले की काही आठवड्यांत पुन्हा चादर तयार होते. दुसरे, तिचे बी गाळात वीस वर्षांपर्यंत जिवंत राहू शकते. तिसरे आणि मुख्य, तिचे अन्न येणे थांबत नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये पवना, मुळा आणि इंद्रायणीतून दरवर्षी जलपर्णी काढली जाते, आणि दरवर्षी ती काढावी लागते.

खामच्या बाबतीत चित्र थोडे वेगळे आहे. २०२१ पासून महापालिका, छावणी परिषद, ‘व्हेरॉक’ आणि ‘इकोसत्त्व’ यांनी मिळून नदीच्या पुनरुज्जीवनाचे काम हाती घेतले. कचरा काढणे, पात्र मोकळे करणे, काठावर देशी झाडे लावणे यामुळे शहरातल्या काही पट्ट्यात नदी पुन्हा नदीसारखी दिसू लागली. हा बदल खरा आहे. तो टिकणे मात्र वरून येणाऱ्या सांडपाण्यावर अवलंबून आहे. कांचनवाडीत रोज १६१ दशलक्ष लिटर क्षमतेचा सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प आहे. पण प्रकल्पाची क्षमता आणि नाल्यातले प्रत्येक गटार त्या प्रकल्पाला जोडलेले असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जोडले न गेलेले पाणी थेट नदीत येते आणि पुढे नाथसागराकडे जाते, जिथून शहराच्या पिण्याच्या पाण्याचा उपसा होतो.

जलपर्णी खाणाऱ्या भुंगेऱ्यांचाही उपाय आहे. १९८० च्या दशकात बंगळूरुच्या तलावांत ते सोडले गेले आणि तिथे त्यांनी चांगले काम केले. आफ्रिकेतील व्हिक्टोरिया सरोवरातही १९९० च्या दशकाच्या अखेरीस त्यांचा उपयोग झाला. पण हे किडे हळू काम करतात, त्यांना काही वर्षे लागतात. दर मे महिन्यात जलपर्णीसोबत तेही उपसले गेले, किंवा पुरात वाहून गेले, तर त्यांची संख्या वाढणार कशी? स्थिर पाण्याच्या तलावात त्यांना जी संधी आहे ती खामसारख्या नदीत नाही.

मग सगळीच हिरवळ उपसून टाकावी का?

तसे केले तर वेगळे नुकसान होते. काठावरचे गवत आणि लव्हाळे माती धरून ठेवतात. पोकलेनने काठ खरवडून उभा केला की पहिल्याच पुरात तो ढासळतो आणि ती माती पुढच्या पुलाखाली जाऊन बसते. मुळे पाण्यातली काही खते शोषून घेतात, पाणी गाळतात, माशांना आणि पक्ष्यांना आसरा देतात. सलीम अली सरोवरात पक्षी येतात ते केवळ पाण्यासाठी येत नाहीत.

ज्या देशांत नदीतली वनस्पती नियमित कापली जाते, तिथे बऱ्याच ठिकाणी मधला पट्टा मोकळा करतात आणि काठालगतची वाढ ठेवतात. पाण्याला मधून वाट मिळते आणि काठ शाबूत राहतो. मधला एक तृतीयांश भाग मोकळा केला तरी वहनक्षमतेत मोठा फरक पडतो, कारण पाणी मोकळ्या वाटेनेच धावते. तरंगणारी जलपर्णी मात्र पूर्ण काढलेलीच बरी. तिचा काठाला आधार नाही आणि ती पुढे जाऊन अडकणारच असते.

पावसाळ्याआधी काय पाहायला हवे?

नालेसफाईचे काम बहुधा किती टन काढले आणि किती किलोमीटर झाले यावर मोजले जाते. टनांचा आकडा फसवा आहे, कारण जलपर्णीत बहुतेक पाणीच असते आणि उन्हात पंधरा दिवस पडली की तीच फार थोडी उरते. किलोमीटरही पुरेसे सांगत नाहीत. दहा किलोमीटर पात्र स्वच्छ केले आणि एका पुलाच्या वरचे दोनशे मीटर राहिले, तर लोंढा नेमका तिथेच येऊन अडतो.

म्हणून नागरिकांनी पाहायचे ते असे : पुलाखालच्या प्रत्येक कमानीतून पलीकडचा उजेड दिसतो का. तळापासून कमानीच्या माथ्यापर्यंत किती उंची मोकळी आहे आणि गेल्या वर्षी किती होती. उपसलेला ढीग पुराच्या रेषेबाहेर नेला की काठावरच ठेवला. काठावर ठेवलेला ढीग पहिल्या जोराच्या पावसात पुन्हा पात्रात जातो, आणि त्यासाठी खर्च झालेले पैसेही.

पावसाळा सुरू झाल्यावरही काम संपत नाही. जूनच्या पहिल्या पावसात वरच्या भागातून सुटलेली जलपर्णी आणि कचरा खाली येतो. पुलाच्या थोडे वर तिरकी तरंगती दोरी किंवा जाळी लावली तर तो एका काठाला जमा होतो आणि तिथून उचलता येतो. मकई, महेमूद आणि बारापुल्ला दरवाजांच्या पुलांपाशी हे करणे अवघड नाही. तिथे खांबावर पातळीची ठळक पट्टी रंगवली आणि प्रत्येक जोराच्या पावसानंतर तिचा फोटो वेळेसह जपून ठेवला, तर दोन-तीन पावसाळ्यांत एक गोष्ट कळेल : तेवढ्याच पावसाला यंदा पाणी गेल्या वर्षीपेक्षा खाली राहिले की वर गेले.